कुमानोची वाट : ताकिजिरी ते होंगू

पहिला दिवस : तानाबे

जपानच्या की द्वीपकल्पात कुमानो होंगू तायशा या शिंतो देवळाकडे जाणाऱ्या जुन्या पायवाटांना मिळून कुमानो कोदो म्हणतात. त्यांतली नाकाहेची ही वाट आम्ही निवडली. ताकिजिरी ते होंगू, सुमारे ३८ किलोमीटर, जवळजवळ सगळी डोंगरातून. बरोबर आत्या होती. ओसाकाहून कुरोशिओ एक्सप्रेसनं दोन-अडीच तासांत की-तानाबे स्टेशन येतं. बहुतेक लोक तिथून लगेच ताकिजिरीची बस धरतात. आम्ही मात्र तानाबेत थांबलो, आणि जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन. कारण या वाटेवरची जुनी झाडं ज्यांच्यामुळे आज उभी आहेत, ते गृहस्थ याच गावात राहत होते.

मिनाकाता कुमागुसु त्यांचं नाव, जन्म १८६७ चा. ऐन तारुण्यात अमेरिकेला गेले, मग १८९२ ते १९०० लंडनमध्ये राहिले. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून त्यांनी वेगवेगळ्या भाषांतल्या पुस्तकांमधले उतारेच्या उतारे हातानं उतरवून काढले, ‘नेचर’मध्ये लेख लिहिले. मायदेशी परतल्यावर १९०४ मध्ये तानाबेत आले ते कायमचे. स्लाइम मोल्ड हा त्यांचा ध्यास. बुरशीसारखे दिसणारे, पण बुरशी नसलेले हे जीव ओल्या पानापाचोळ्यात, कुजक्या लाकडावर वाढतात. त्यांचं घर जपून ठेवलं आहे, शेजारी संग्रहालय आहे. अंगणातल्या पर्सिमॉनच्या झाडावर १९१७ साली त्यांना सापडलेल्या एका स्लाइम मोल्डला पुढे त्यांचंच नाव मिळालं, मिनाकातेला.

पण मला या घरी ओढून आणलं ते वेगळ्याच गोष्टीनं. १९०६ साली जपान सरकारनं देवळांच्या विलीनीकरणाचं धोरण आणलं. साधारण एका गावाला एक देऊळ पुरे, बाकीची त्यात मिळवायची. देशातल्या सुमारे २ लाख देवळांपैकी ७० हजारांच्या आसपास देवळं यात गेली. सर्वांत जास्त झळ बसलेल्या भागांत हा वाकायामा प्रांत होता. देऊळ हललं की त्याच्याभोवतीची राई राखायला कुणी उरत नसे. शेकडो वर्षांची झाडं लाकडाच्या भावानं विकली गेली. कुमागुसु याविरुद्ध उभे राहिले. वर्तमानपत्रांत लिहिलं, विद्वानांना आणि अधिकाऱ्यांना लांबच लांब पत्रं पाठवली. १९१० मध्ये विलीनीकरणाच्या बाजूच्या अधिकाऱ्याला गाठायला एका सभेत घुसले, धुडगूस घातला आणि काही दिवस तुरुंगात बसले. त्यांचं म्हणणं असं होतं की राई तोडली की पक्षी जातात, पक्षी गेले की शेतात कीड वाढते, किनाऱ्यावरची झाडी गेली की मासे येत नाहीत, आणि देऊळ गेलं की गाव एकत्र येण्याची जागाच जाते. इकॉलॉजी या शास्त्राचं नाव घेऊन त्यांनी हे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी लिहिलं.

कोकणातल्या देवरायांची नोंद करण्याच्या कामात मी थोडाफार हातभार लावला आहे. आपल्याकडे माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचं महत्त्व १९७० च्या दशकात शास्त्रीय भाषेत मांडलं. त्याच्या साठेक वर्षं आधी हा माणूस इथे एकटा तेच ओरडून सांगत होता, हे त्या घराच्या पडवीत उभं राहून वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

संध्याकाळी तोकेई जिंज्या या देवळाला गेलो. बाराव्या शतकात ताइरा (निशाण लाल) आणि मिनामोतो (निशाण पांढरं) या दोन घराण्यांत झालेल्या गेनपेई युद्धात कुणाची बाजू घ्यायची हे ठरवायला इथल्या प्रमुखानं लाल आणि पांढऱ्या कोंबड्यांची झुंज लावली आणि पांढरे जिंकले, अशी कथा आहे. २०१६ मध्ये हे देऊळ जागतिक वारशाच्या यादीत घातलं गेलं. कुमागुसुंची पत्नी मात्सुए इथल्या पुजाऱ्यांची मुलगी. म्हणजे देवराईचा कैवार घेणाऱ्या माणसाचं सासर देवराईतच होतं. आत्याला हे फार आवडलं.

दुसरा दिवस : ताकिजिरी ते ताकाहारा

की-तानाबेहून ताकिजिरी बसनं पाऊण तासाच्या आत येतं. दोन नद्यांच्या संगमावर एक लहानसं देऊळ आहे, ताकिजिरी-ओजी. ओजी म्हणजे कुमानोच्या वाटेवरची उपदेवळं. ‘नव्व्याण्णव ओजी’ असं म्हणायची रीत आहे आणि त्यांतल्या पाचांचा मान मोठा. ताकिजिरी त्या पाचांतलं. इथून पुढे कुमानोचा पवित्र प्रदेश सुरू होतो, म्हणून पूर्वीचे यात्रेकरू इथे थंड पाण्यात बुडी मारून मगच पुढे जात.

ते यात्रेकरू सुरुवातीला कोण होते, तर राजपद सोडलेले सम्राट. गो-शिराकावा यांनी तीसहून जास्त वेळा ही यात्रा केली, गो-तोबा यांनीही अठ्ठावीसच्या आसपास. क्योतोहून येऊन परत जायचं म्हणजे महिन्याभराचा प्रवास. १२०१ सालच्या गो-तोबांच्या यात्रेत कवी फुजिवारा नो तेइका बरोबर होते आणि त्यांनी रोजनिशी ठेवली. तीत थकवा आहे, आजारपण आहे, वाईट मुक्काम आहेत, आणि देवळापाशी पोचल्यावर डोळ्यांत आलेलं पाणीही आहे. पुढे सामान्य लोकांची इतकी रीघ लागली की त्याला ‘मुंग्यांची कुमानो यात्रा’ असं नाव पडलं.

देवळामागून चढ सुरू होतो तो दम काढणारा. पाऊलवाटेपेक्षा मुळांचा जिनाच म्हणावा. थोडं वर गेलं की मोठ्या शिळांच्या मधून सरपटत जायची एक गुहा आहे. तिला आईचं पोट मानतात. त्यातून बाहेर पडणारीला सुखरूप बाळंतपण होतं असा समज आहे. लगेच पुढे दूध पाझरणारी शिळा. फुजिवारा नो हिदेहिरा या सरदाराची बायको यात्रेला निघाली असताना इथेच बाळंत झाली, बाळाला गुहेत ठेवून नवराबायको पुढे होंगूला गेले, आणि ते परत येईपर्यंत लांडग्यानं बाळाला राखलं, शिळेतून टपकणाऱ्या दुधावर ते जगलं, अशी कथा. “बाळाला टाकून कशी गं गेली असेल?” आत्या बराच वेळ तेच म्हणत होती. गुहेत ती शिरली नाही. मी शिरले. पाठीवरची पिशवी आधी बाहेर ढकलावी लागते.

ताकाहारा फक्त चारेक किलोमीटरवर आहे, पण चढ पाहता पहिल्या दिवसाला तेवढं पुरे. वाटेवर दर ५०० मीटरला आकडा घातलेला खांब आहे, ताकिजिरीला १ आणि होंगूच्या जवळ ७५. जिथे वाट फुटते तिथे चुकीच्या बाजूला ‘ही कुमानो कोदो नव्हे’ अशी पाटी. ओजीपाशी लाकडी पेटीत शिक्का असतो, तो आपल्या वहीत आपणच उमटवायचा.

ताकाहाराचं कुमानो देऊळ हे नाकाहेचीवरच्या देवळांतलं सर्वांत जुनं बांधकाम मानलं जातं. लाल-हिरव्या रंगातलं, ठेंगणंसं. पण नजर जाते ती त्याच्याभोवतीच्या कापराच्या झाडांकडे. बुंध्यावर नेचे, शेवाळ, फांद्यांच्या बेचक्यांत आणखी झाडं. सकाळपासून आम्ही ज्यातून चढत होतो ते मुख्यतः लावलेलं जंगल होतं, सुगी आणि हिनोकी, म्हणजे जपानी देवदार आणि सायप्रस, एका मापाची सरळसोट झाडं, खाली अंधार. इथल्या मूळच्या रानात कापूर आणि सदाहरित ओक हवेत. ते दिसले देवळाच्या आवारातच. एवढ्या चार-पाच झाडांकडे पाहून अख्खा डोंगर पूर्वी कसा असेल याचा अंदाज बांधता येतो.

मुक्कामाच्या घरातून समोर हातेनाशी डोंगररांग आणि खाली भातखाचरांच्या पायऱ्या. जेवणाबद्दल एक सूचना देऊन ठेवते. आत्या शाकाहारी. इथल्या रश्शात, सुपात माशाचा अर्क असतोच, म्हणून मुक्काम ठरवतानाच स्पष्ट लिहून कळवावं. कळवलं होतं, तर कोंबू या समुद्री शेवाळाच्या पाण्यातलं सूप, रानभाज्या, टोफू, लोणच्याची उमेबोशी असं ताट आलं. उमेबोशी हे उमे फळाचं आंबट-खारट लोणचं आणि वाकायामा हा उमेचा सर्वांत मोठा उत्पादक प्रांत. आत्यानं त्यातली एक कागदात बांधून उद्याच्या चढासाठी ठेवली.

तिसरा दिवस : ताकाहारा ते नोनाका

सकाळी दरी धुक्यानं भरलेली होती. आज तेराएक किलोमीटर. सुरुवातीचा निम्मा रस्ता रानातून, एकामागून एक ओजी. बहुतेक ठिकाणी आता देऊळ नाही, एक दगड आणि माहितीची पाटी आहे. यांतली किती मूर्तिस्थानं त्या विलीनीकरणात हलवली गेली, ते पाट्यांवर वाचत गेले. देव दुसऱ्या गावी नेला, आणि इथे काय राहिलं तर दगड.

हाशिओरी खिंडीत ग्युबा-दोजीची मूर्ती आहे. गाय आणि घोडा जोडीनं उभे आणि दोघांच्या पाठीवर बसलेला एक लहान मुलगा. हा यात्रेला आलेला तरुण सम्राट काझान असं म्हणतात. वाटेवरच्या सगळ्या फोटोंत ती दिसते, त्यामुळे मोठी असेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात गुडघ्याएवढी आहे. खिंड उतरलं की चिकात्सुयु गाव लागतं, नदी, पूल, दुकान, बसायला बाकडी. मोहरीच्या खारवलेल्या मोठ्या पानात गुंडाळलेला भाताचा गोळा इथली खासियत, मेहारी-झुशी. तो खाल्ला आणि पुढचा डांबरी रस्ता भरभर कापला.

मग त्सुगीझाकुरा-ओजी. माझ्यासाठी सगळी वाट इथे येण्यासाठीच होती.

दगडी पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना प्रचंड सुगी वृक्ष. त्यांना ‘नोनाकाची एकदिश झाडं’ म्हणतात, कारण फांद्या सगळ्या दक्षिणेला, नाची या कुमानोच्याच दुसऱ्या मोठ्या देवस्थानाच्या दिशेला वळलेल्या. उत्तरेला डोंगर आहे आणि ऊन दक्षिणेकडून येतं, एवढं साधं कारण पुरेसं आहे. पण भाविकांनी त्यात नाचीच्या देवाला केलेला नमस्कार पाहिला. विलीनीकरणाच्या काळात ही राई तोडायला घेतली होती. कुमागुसुंनी जिवाचं रान केलं आणि त्यातली मोजकी झाडं वाचली. बुंधा इतका रुंद, की आत्या आणि मी दोन बाजूंनी हात पसरले तरी बोटं बोटांना लागायची गोष्टच नाही. एका झाडाचा बुंधा तळाशी पोकळ आहे, आत माणूस उभा राहू शकतो.

मी तिथे दोन तास होते. साल पाहिली, मुळाशी पडलेली फळं पाहिली, कुजणाऱ्या फांदीवर बारीक पिवळे ठिपके होते ते भिंगातून पाहिले. वाटसरू येत होते, शिक्का मारत होते, फोटो काढून पुढे जात होते. त्यांना बोलावून सांगावंसं वाटत होतं की हे झाड लाकूड म्हणून मोजून झालं होतं, त्याची किंमत ठरली होती. आत्या खालच्या चहाच्या जुन्या घरापाशी बसून राहिली, एकदाही “चल” म्हणाली नाही.

१९२९ साली सम्राट हिरोहितो तानाबेला आले. ते स्वतः जीवशास्त्राचे अभ्यासक. कुमागुसुंनी त्यांच्यापुढे व्याख्यान दिलं आणि स्लाइम मोल्डचे ११० नमुने भेट दिले, तेही कॅरमेलच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत घालून. सरकारी धोरणाशी भांडून तुरुंगात गेलेल्या माणसाला पुढे असं बोलावणं आलं, ही गोष्ट मी आत्याला त्याच झाडांखाली सांगितली. झाडांच्या खालच्या अंगाला नोनाकाचा झरा आहे. पाण्यासाठी गावची माणसं कॅन घेऊन येतात. आम्ही बाटल्या भरून घेतल्या. राई राहिली म्हणून झरा राहिला, हे कोकणातल्या कुठल्याही जाणत्या माणसाला पटवून द्यावं लागत नाही.

चौथा दिवस : नोनाका ते होश्शिनमोन

चालण्याच्या दृष्टीनं सर्वांत जड दिवस, सांगायला सर्वांत कमी. एकामागून एक खिंडी. वाराजी खिंड, मग इवागामी, मग मिकोशी. इवागामीची मूळ वाट २०११ च्या सप्टेंबरमधल्या वादळी पावसात दरडी कोसळून बंद झाली, आता वळसा घालून जावं लागतं. वळशाची वाट नीट आखलेली आहे. मध्ये दुकान नाही, त्यामुळे डबा आणि पाणी बरोबर हवं.

या टप्प्यात एक गोष्ट मात्र मनाला लागली. झाडांमध्ये अचानक दगडी बांध दिसतात, ओळीनं, नीट रचलेले. ही पूर्वीची भातखाचरं आणि घरांचे चौथरे आहेत. वस्त्या उठून गेल्या आणि खाचरांत सुगीची रोपं लावली. भातखाचराच्या बांधावर वाढलेलं शिस्तीतलं जंगल पाहताना ते सुंदर म्हणावं की नाही, हे मला ठरवता आलं नाही.

तिसऱ्या प्रहरी होश्शिनमोन-ओजी, पाच मोठ्यांपैकी शेवटचं. इथून होंगूच्या आवाराची हद्द सुरू होते असं मानत. तिथून बसनं युनोमिनेला मुक्कामाला गेलो. हे गरम झऱ्यांचं गाव, होंगूला जाण्याआधी अंग धुऊन शुद्ध व्हायचं ते इथे. ओढ्याकाठच्या लाकडी खोपटात त्सुबोयु हे दोन-तीन माणसं मावतील एवढं कुंड आहे. नंबर घेऊन अर्धा तास मिळतो. पाण्याचा रंग दिवसात सात वेळा बदलतो अशी श्रद्धा आहे, आम्हाला दुधाळ दिसला. विषबाधेनं मरणपंथाला लागलेला ओगुरी हांगान याच पाण्यात बरा झाला, अशी लोककथा. जवळच चौकोनी हौदात सुमारे ९० अंशांचं पाणी उकळत असतं. गावकरी जाळीच्या पिशवीत अंडी, रताळी, भाज्या घालून त्यात सोडतात. आत्यानं रताळी उकडली आणि मीठ लावून खाल्ली. गुडघे दुखायचे थांबले, असं तिनं रात्री दोनदा सांगितलं.

पाचवा दिवस : होश्शिनमोन ते होंगू

सकाळच्या बसनं परत होश्शिनमोनला. शेवटचे सात किलोमीटर सोपे आहेत, उतरते, गावांतून जाणारे. घरांपुढे चहाच्या झुडपांच्या ओळी, फळीवर ठेवलेल्या उमेबोशीच्या पिशव्या आणि शेजारी पैसे टाकायचा डबा.

फुशिओगामी-ओजीपाशी डोंगर उघडतो आणि खाली लांबवर होंगूची जागा पहिल्यांदा दिसते. यात्रेकरू इथे जमिनीवर डोकं टेकवत. हजार वर्षांपूर्वीची कवयित्री इझुमी शिकिबु इथवर आली आणि तिची पाळी सुरू झाली. देऊळ समोर दिसतं आहे आणि जाता येणार नाही, म्हणून तिनं व्यथेचं एक कवन केलं. रात्री कुमानोचा देव स्वप्नात आला आणि त्यानं कवनातच उत्तर दिलं. मी मुळातच धुळीत मिसळायला आलेला देव, मला विटाळ कसला? ये. अशी ही आख्यायिका. ती खरी घडली की नाही हे बाजूला ठेवू. एक देवस्थान स्वतःबद्दल शतकानुशतकं हीच गोष्ट सांगत आलं, हे मला फार मोठं वाटतं. याच डोंगरांतल्या कोयासान या बौद्ध तीर्थाला बायकांना बंदी होती, सरकारनं असल्या बंद्या १८७२ मध्ये उठवल्या. ओमिने डोंगरावर तर आजही बायकांना जाऊ देत नाहीत. कुमानोनं मात्र बायका, आजारी, आंधळे, कुणालाच अडवलं नाही. पाटीवरची ही गोष्ट मी आत्याला मराठीत सांगितली. ती गप्प झाली. मग म्हणाली, “आमच्या आईला ही गोष्ट कुणी सांगायला हवी होती.” तिनं तिथे खाली बसून नमस्कार केला.

वाट होंगूच्या मागच्या अंगानं उतरते. मुख्य बाजूनं आलात तर दोन्हीकडे निशाणं लावलेल्या १५८ पायऱ्या चढाव्या लागतात. हिनोकीच्या सालीचं जाड छप्पर, रंग न दिलेलं लाकूड, कुठेही भपका नाही. दोनदा वाकायचं, दोनदा टाळी, पुन्हा एकदा वाकायचं. सगळीकडे तीन पायांचा कावळा, यातागारासु. जपानचा पहिला सम्राट मानल्या जाणाऱ्या जिम्मूला यानं डोंगरांतून वाट दाखवली अशी कथा. जपानच्या फुटबॉल संघटनेच्या चिन्हावरही तोच आहे.

पण हे देऊळ मुळात इथलं नाही. खाली दहा-पंधरा मिनिटांवर ओयुनोहारा आहे, तीन नद्यांच्या संगमावरचं वाळवंट. शतकानुशतकं होंगू तिथे होतं. १८८९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला आणि बहुतेक इमारती वाहून गेल्या. वाचलेल्या सोडवून १८९१ मध्ये वरच्या टेकडीवर उभ्या केल्या. ज्यांची देवळं वाहून गेली त्या आठ देवांना ओयुनोहारातच दोन दगडी देवळ्यांत ठेवलं आहे. तिथे जाताना भातशेतांमधून २००० साली उभारलेल्या पोलादी तोरीखालून, म्हणजे देवळाच्या कमानीखालून, जावं लागतं, उंची सुमारे ३४ मीटर, जपानमधली सर्वांत मोठी. आत गेलं की नुसती झाडी आणि मोकळं पटांगण.

पूर एवढा का चढला याची कारणं सांगताना नदीच्या वरच्या अंगाची बेसुमार जंगलतोड नेहमी सांगितली जाते. वरच्या तोत्सुकावा खोऱ्यात त्याच पावसात डोंगर खचले, गावं गाडली गेली, आणि अडीच हजारांच्या आसपास माणसं घरदार सोडून थेट उत्तरेच्या होक्काइदो बेटावर गेली. तिथे त्यांनी वसवलेलं शिन-तोत्सुकावा आजही आहे. हे सगळं घडून सतरा वर्षं होतात न होतात, तोच सरकारनं देवळांच्या रायांवर कुऱ्हाड चालवायला परवानगी दिली. कुमागुसुंच्या संतापाचं मोजमाप मला ओयुनोहाराला उभं राहिल्यावर लागलं. ते झाडांवरच्या प्रेमापोटी भांडत होते हे खरं, पण झाडं गेल्यावर या देवाचं काय झालं ते इथल्या प्रत्येकानं पाहिलेलं होतं.

वर देवळात शिक्क्यांची वही दाखवली. ज्यांनी स्पेनमधली सांतियागोची यात्राही पुरी केली आहे, त्यांच्यासाठी इथे ढोल वाजवण्याचा सोहळा होतो. आमच्यापुढे उभं असलेलं एक वयस्कर जोडपं त्यासाठी थांबलं होतं, त्यांचा ढोल ऐकूनच आम्ही निघालो.

समुद्राकाठच्या शिंगू शहराची बस कुमानो नदीच्या काठाकाठानं जाते. सम्राट होंगूहून पुढे होडीनं जात, आणि नदीचा हा पट्टाही यात्रामार्ग म्हणून २००४ पासून जागतिक वारशात आहे. आत्यानं नदीच्या बाजूची खिडकी धरली होती. “होड्या अजून चालतात का, ते उतरल्यावर आधी विचार,” ती म्हणाली.